बिनसाखरेचा सुविचार

हिंगणमाळ गावात एक भोळा पोरगा होता. बाकी सगळं गाव हुशार होतं, त्यामुळं तो लगेच उठून दिसायचा. नाव रावजी अंभोरे. एवढं नाव घ्यायला गावाकडं वेळ नव्हता, म्हणून रावज्या.

रावज्या दहावीत होता. त्याला जे सांगाल ते तो करायचा. ही खोड शाळेला परवडणारी नव्हती. मास्तर लोक रोज पुष्कळ काही सांगतात, पण ते कुणी खरंच करील अशा बेतानं सांगत नाहीत.

त्याला बाप नव्हता. आई होती, अंजिराबाई. ती शाळेतच पोषण आहाराची खिचडी शिजवायची. आणि एक मामा होता. मामाची वीटभट्टी होती आणि रावज्याच्या पाठीवर त्याचा डोळा होता. पाठ चांगली रुंद आहे, शाळेत वाया चाललीय, असं तो येता-जाता बोलून दाखवायचा. अंजिराबाईनं त्याला सांगून टाकलं होतं, पोरगा दहावी पास झाला तर आयटीआयला जाईल, आणि शाळेनं काढून टाकला तर तुझा. मामा म्हणाला, मला घाई नाही.

रावज्याला हे ठाऊक होतं. शाळेनं काढून टाकलं की विटा. त्याला विटा नको होत्या. म्हणून त्यानं ठरवलं होतं की मोठी माणसं सांगतील ते नीट ऐकायचं आणि तसंच वागायचं. सगळा घोटाळा तिथूनच झाला.

शाळेचे मुख्याध्यापक कुळथे सर. त्यांना दोन सवयी होत्या. एक, दिसेल त्या कागदाखाली सही ठोकायची. दोन, बिनसाखरेचा चहा. त्यांचं अक्षर असं होतं की शाईत बुडालेला मुंगळा कागदावर चालत गेलाय असं वाटावं. ते त्यांना स्वतःलाही दुसऱ्या दिवशी वाचता यायचं नाही. अख्ख्या शाळेत ते फक्त रावज्याला लागायचं. रावज्याचं स्वतःचं अक्षर मात्र छापल्यासारखं. म्हणून परिपाठाच्या आधी कुळथे सर चिठोऱ्यावर सुविचार खरडायचे, खाली सही करायचे, आणि रावज्या तो फळ्यावर उतरवायचा. मग सगळी शाळा तो एका सुरात वाचायची.

एकदा सकाळी फळ्यावर हा सुविचार होता:

'सत्य हाच खरा धर्म. — कुळथे. बापूराव, दोन चहा. माझा बिनसाखरेचा.'

तीनशे पोरांनी तो हात जोडून म्हटला. पाचवीतल्या पोरांना तर आवडला. त्यांनी दोनदा म्हटला.

बापूराव म्हणजे शाळेचे शिपाई. ते चहा आणायला पळाले.

कुळथे सरांनी रावज्याला ऑफिसात घेतलं आणि विचारलं की चहाचं कुठं कुणी फळ्यावर लिहितं का. तुम्हीच कागदावर लिहिलं होतं, असं रावज्यानं सांगितलं.

"चहाचं लिहायचं नसतं, गाढवा. बाकी जसंच्या तसं लिहायचं. कानामात्रा बदलायची नाही. चहाचं तेवढं गाळायचं."

"बरं सर. आता असंच करीन."

आणि रावज्यानं ते मनात पक्कं केलं.

पुढं एके दिवशी वर्गात घटक चाचणी होती. रावज्याच्या शेजारी परशा गवारे बसायचा. परशानं बाहीतून चिठ्ठी काढली, बघून लिहिलं, परत बाहीत घातली. रावज्या बघत होता. थोड्या वेळानं वाघचौरे बाईंनी परशाला धरलं. धरलं ते धरलं, वर रावज्यालाही उभं केलं. तुला दिसत होतं का? दिसत होतं. मग बोलला का नाहीस? रावज्या म्हणाला, कुणी विचारलं नाही.

वाघचौरे बाई मूल्यशिक्षणाचा तास घ्यायच्या. मूल्यशिक्षणाच्या वहीत त्यांनी स्वतः कधी काही लिहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं, पण बोलायच्या छान. त्या म्हणाल्या, अन्याय बघून गप्प बसणारा जास्त दोषी. चुकीचं दिसलं की भ्यायचं नाही. हात वर करायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं. नाव, इयत्ता, आणि गुन्हा.

"बरं बाई. आता असंच करीन."

आठ दिवसांनी सव्वीस जानेवारी आली. झेंडा वर गेला. संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब निंबोळे भाषणाला उभे राहिले. आप्पासाहेबांची पांढरी सफारी कडक इस्त्रीची होती. ते चारित्र्यावर बोलत होते. माणसाचं चारित्र्य म्हणजे उघडं पुस्तक असलं पाहिजे, असं म्हणाले. रावज्या पहिल्या रांगेत होता. त्याला पुस्तक दिसलं नाही. दुसरंच काही उघडं दिसलं.

त्यानं हात वर केला. आप्पासाहेबांना वाटलं, पोराला प्रश्न पडलाय. कौतुकानं म्हणाले, बोल बाळ.

"आप्पासाहेब निंबोळे," रावज्या खणखणीत आवाजात म्हणाला, "इयत्ता माहीत नाही. पँटची चेन."

 मग अख्ख्या गावानं एकदम तिकडं बघितलं. आप्पासाहेबांनी भाषणाचे कागद चटकन खाली नेले आणि राहिलेलं चारित्र्य कागदाआडून सांगितलं.

त्या दिवशी कुळथे सरांनी रावज्याचा शाळा सोडल्याचा दाखला बनवला. सगळं भरलं, सही केली, तारीख टाकली. अंजिराबाई हातातल्या पळीसकट धावत आली. "सर, आवंदाचं वरीस काढू द्या. भोळं हाय त्ये. तुमच्या पाया पडते." सरांनी बराच वेळ विचार केला असं दाखवलं. खरं तर उद्याचा सुविचार फळ्यावर कोण उतरवणार, हा एकच विचार त्यांच्या डोक्यात होता. मग त्यांनी तारीख खोडली, दाखला खणात टाकला आणि रावज्याला धडा दिला. मोठ्यांची चूक चव्हाट्यावर मांडायची नाही. झाकायची. हाताला येईल त्यानं झाकायची. आणि कुणी विचारलंच तर आपल्या अंगावर घ्यायची. म्हणायचं, माझ्यामुळं झालं.

"बरं सर. आता असंच करीन."

कुळथे सरांना बिडीचा नाद होता. शाळेत बंदी होती, म्हणून ते प्रयोगशाळेत सांगाड्याच्या मागं उभं राहून ओढायचे. एका दुपारी ते तिथं उभे असताना बाहेर आप्पासाहेबांची गाडी वाजली. सरांनी पेटती बिडी तशीच टेबलाच्या कडेला ठेवली आणि तोंड पुसत पळाले.

रावज्या तिथं झाडायला आला होता. त्यानं बिडी पाहिली. बिडीखाली कागद होता, कागदाला काळी कड यायला लागली होती. ही मोठ्यांची चूक आहे, हे त्यानं ओळखलं. मोठ्यांची चूक झाकायची. हाताशी एक कापडी बॅनर होता. 'तंबाखूमुक्त शाळा, आमचा अभिमान.' रावज्यानं तो चौपदरी करून बिडीवर नीट पसरला आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

अभिमान आधी पेटला. मग तंबाखूमुक्त. मग शाळा.

बापूराव बादली घेऊन धावले. दम लागेपर्यंत एकटे पाणी मारत राहिले. गर्दी जमली. कुणी लावली, कुणी लावली, असा ओरडा झाला. रावज्या घडी न सोडता म्हणाला, "माझ्यामुळं झालं."

पोरगा बिडी ओढतो, हे सगळ्या गावाला पटलं. एकच माणूस होता ज्याला खरं माहीत होतं. तो आप्पासाहेबांशेजारी उभा राहून, आजकालच्या पिढीत संस्कारच राहिले नाहीत, असं म्हणत होता.

दाखल्यावर दुसरी तारीख पडली. अंजिराबाई पळीसकट आली. तारीख खोडली गेली. या वेळी धडा वाघचौरे बाईंनी दिला. त्या म्हणाल्या, बापूराव बिचारे एकटे झगडत होते आणि तू उभा राहून बघत होतास, तुला लाज कशी वाटली नाही? एकटा माणूस झगडताना दिसला की विचारत बसायचं नाही. धावायचं. हात द्यायचा.

"बरं बाई. आता असंच करीन."

फेब्रुवारीत तालुक्याची कबड्डी आपल्याच मैदानावर होती. अंतिम सामना, हिंगणमाळ विरुद्ध पिंपळदरा. शेवटची चढाई. आपण एका गुणानं पुढं. पिंपळदऱ्याचा एक किडमिडीत पोरगा कबड्डी कबड्डी करत आत आला आणि आपल्या सातही जणांनी त्याला घेतला. एकानं घोटा धरला, दोघांनी कंबर, एक तर छातीवरच बसला. पोरगा जमिनीला चिकटला. हात मध्यरेषेकडं लांबवलेला, बोटं हलत होती. तोंडानं कबड्डी कबड्डी चालूच होतं, पण आवाज आता बारीक झाला होता.

रावज्या कडेला पाण्याच्या घागरीपाशी होता. त्यानं पाहिलं. एकटा माणूस. समोर सात. आणि भोवताली दोन हजार माणसं उभी, एकालाही दया नाही. उलट टाळ्या वाजवतायत. रावज्याला गावाची फार लाज वाटली.

तो धावला. पोराचा हात धरला आणि रुंद पाठीचा जोर लावून त्याला रेषेपलीकडं ओढून काढला. त्याला धरलेले सातही जण मागून खरडत आले.

पंचांनी शिट्टी तोंडात धरली, पण वाजवायची कशासाठी हे त्यांना कळेना. असं नियमांच्या पुस्तकात नव्हतं. पिंपळदऱ्याचे लोक म्हणाले, तुमच्याच माणसानं ओढला, आम्ही हात लावला नाही. बरीच बाचाबाची झाली. शेवटी ढाल पिंपळदऱ्याला गेली. जाताना त्यांनी रावज्याला खांद्यावर घेतला होता. वेशीपाशी उतरवला.

दाखला, तिसरी तारीख, पळी, खोडाखोड. या वेळी खेळाचे लांडगे सर बोलले. बोलण्याआधी त्यांनी एक कानाखाली दिली, ती त्यांची प्रस्तावना असायची. मग म्हणाले, आधी बघायचं की आपला कोण आणि परका कोण. आपला असेल त्याच्या पाठीशी उभं राहायचं. चुकला तरी. चुकला तर जास्तच.

"बरं सर. आता असंच करीन," रावज्या गाल धरून म्हणाला.

आता अंजिराबाईची एक शेळी होती, चंपी. शाळेच्या आवारात पाहुण्यांच्या हस्ते नवी रोपं लावलेली होती. प्रत्येक रोपासमोर पाहुण्याच्या नावाची पाटी. एका सकाळी चंपी कुंपणातून आत शिरली आणि पहिल्या पाहुण्यापासून सुरुवात केली. वाघचौरे बाई छत्री घेऊन धावल्या. रावज्यालाही हाक मारली, अरे हाकल तिला.

रावज्यानं विचार केला. चंपी आपली. पाहुणे परके. तो जाऊन चंपीच्या पाठीशी उभा राहिला.

"अरे हाकल म्हणते ना! चुकतेय ती!"

"चुकली तरी आपली, बाई."

चंपीनं सहा रोपं खाल्ली. सातवं आप्पासाहेबांचं होतं, जरा उंच. चंपीचं तोंड पोचेना. चुकली तर जास्तच पाठीशी राहायचं होतं, म्हणून रावज्यानं ते वाकवून धरलं. चंपीनं रोप संपवलं आणि वर नावाची पुठ्ठ्याची पाटीही खाल्ली, 'निंबोळे' पर्यंत.

दाखल्यावर चौथी तारीख पडली. त्या तारखा खोडून खोडून आता कागद पातळ झाला होता. अंजिराबाई आली, पण या वेळी पळी आणायचंही तिच्या ध्यानात राहिलं नाही.  नुसती दाराशी उभी राहिली. भट्टीवरून मामाचा निरोप आला होता की सोमवारपासून एक माणूस कमी आहे.

कुळथे सरांनी तिच्याकडं बघितलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडं. बोर्डाची परीक्षा तीन आठवड्यांवर होती. शाळेचा निकाल पाच वर्षं शंभर टक्के लागत होता. यंदा सहावं वर्ष, आणि सहाव्या वर्षी आदर्श मुख्याध्यापक म्हणून सरांचं नाव वर जाणार होतं. अडचण एवढीच होती की इतिहास आणि राज्यशास्त्र सर स्वतः शिकवायचे. म्हणजे शिकवणार होते. संस्थेच्या बैठका, सत्कार, तंबाखूमुक्तीच्या फेऱ्या यांतून वेळ मिळाला नाही आणि पुस्तक अर्ध्यावर राहिलं.

त्यांनी तारीख खोडली. दार लावून घेतलं. खुर्ची पुढं ओढून रावज्याला जवळ बसवलं. असं त्यांनी याआधी कधी केलं नव्हतं.

"रावजी," ते म्हणाले. पूर्ण नाव घेतल्यामुळं रावज्यानं मागं वळून बघितलं. "बरं काय आणि वाईट काय, हे आजपासून तू ठरवायचंच नाही. ते मी ठरवीन. तू फक्त मी देईन ते लिहायचंस. जसंच्या तसं. माझ्याकडून कागद येईल, त्याच्या सुवाच्य अक्षरात तीन प्रती करायच्या. तीन रांगांना तीन. मागं सरकवायच्या. एवढं केलंस की हा दाखला तुझ्यासमोर फाडतो."

"परशानं चिठ्ठी केली तेव्हा बाई म्हणाल्या, हात वर करायचा."

"ती परशाची चिठ्ठी होती. ही शाळेची आहे."

रावज्यानं थोडा विचार केला. मग त्याला आठवलं की विचार करायचा नाही.

"बरं सर. आता असंच करीन."

शेवटचा पेपर सरांच्या विषयाचा होता. अंभोरे म्हणून रावज्याचा नंबर पहिला, बाक खिडकीपाशी. वर्गावर शेजारच्या गावच्या शाळेचे गुरुजी होते. त्यांच्या शाळेवर आपले लांडगे सर होते. दोन्हीकडं गुरुजी पोरांकडं पाठ करून फळ्यावरचं बैठकक्रमांकाचं कोष्टक वाचत होते.

तासाभरानं खिडकीतून कागदाचा बोळा आत पडला. रावज्यानं उलगडला. मुंगळा दोन्ही बाजूंनी चालून गेला होता. त्यानं ते सगळं शांतपणं उतरवलं. तीन वेळा. अक्षर असं की परीक्षेची भीती विसरून बघत बसावं. मग तिन्ही कागद मागं सरकवले. बाकाबाकावरून कागद फिरले. पोरं भराभर उतरवत होती. उतरवून घेणाऱ्याला वाचायला वेळ नसतो.

मूळ बोळा रावज्यापाशीच होता. मग त्यानं स्वतःचा पेपर उघडला. त्यात त्याला कुणी काय लिहायचं ते सांगितलं नव्हतं. बोळा प्रतींसाठी होता, त्याच्या पेपरासाठी आहे असं सर म्हणाले नव्हते. म्हणून त्याला येत होतं तेवढं तो लिहीत राहिला.

शेवटची दहा मिनिटं राहिली आणि फाटकापाशी बापूराव मोठ्यानं खोकले. भरारी पथकाची जीप आली होती. पथक वर्गात शिरलं तेव्हा रावज्या काहीतरी चावत होता. त्यानं गिळलं. मागं तिन्ही रांगांच्या शेवटच्या बाकांवरही एकेक घास गिळला गेला. पथकानं खिसे बघितले, बाह्या बघितल्या, बूट काढायला लावले. काही मिळालं नाही. पथकाच्या प्रमुखानं वहीत लिहिलं की केंद्र अत्यंत शिस्तबद्ध आहे.

कुळथे सर व्हरांड्यात भिंतीला टेकून उभे होते. त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी रावज्याला मिठी मारली, पेढा भरवला. वाघचौरे बाई म्हणाल्या, शेवटी संस्कार वाया जात नाहीत. सरांनी खणातून दाखला काढला, पण तो फाडला मात्र नाही. निकालानंतर फाडू म्हणाले. अंजिराबाईनं त्या दिवशी खिचडीत शेंगदाणे जास्त घातले.

जूनमध्ये निकाल लागला. हिंगणमाळचे बसलेले बत्तीस. राखीव ठेवलेले एकतीस. पास एक, रावजी अंभोरे, सरांच्या विषयात बरोबर पस्तीस.

चार दिवसांनी बोर्डाचे चौकशी अधिकारी देवळाणकर साहेब एकतीस उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन शाळेत आले. ऑफिसात सगळे जमले. कुळथे सर, आप्पासाहेब, वाघचौरे बाई, लांडगे सर. रावज्याला बोलावलं होतं. अंजिराबाईला बोलावलं नव्हतं, ती दाराशी उभी होती. मामाही आला होता, बाहेर कट्ट्यावर बसला होता.

साहेबांनी चष्मा लावला आणि परशाचा पेपर काढला. प्रश्न होता, भ्रष्टाचार रोखण्यासाठी तीन उपाय सुचवा. साहेबांनी परशाचं उत्तर वाचून दाखवलं.

"एक, कायद्याची कडक अंमलबजावणी करावी. दोन, नागरिकांनी जागरूक राहावं. तीन, सार्वजनिक जीवनात पारदर्शकता आणावी. ही चिठ्ठी वाचून झाली की मागच्या बाकावर द्यावी. पथक आलं तर गिळून टाकावी. कुळथे."

त्यांनी दुसरा पेपर घेतला. तिसरा घेतला. एकतीस पेपरांत तेच होतं. एका पोरानं तर 'कुळथे' हा शब्द महत्त्वाचा वाटून अधोरेखित केला होता.

आप्पासाहेब छताकडं बघायला लागले. वाघचौरे बाईंनी पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं.

कुळथे सर मात्र खंबीर निघाले. असल्या चिठ्ठीशी आपला काही संबंध नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. कुणीतरी आपल्या नावावर खपवलं आहे. आणि रावज्याकडं बोट केलं. एकतीस जण सापडतात आणि हा एकटाच सुटतो, याचा अर्थ काय? आणि याची प्रकरणंही थोडी नाहीत, बिडीचं सगळ्या गावाला माहीत आहे. आप्पासाहेबांनी मान डोलावली. त्यांना आणखी एक प्रकरण आठवत होतं, पण ते बोलून दाखवण्यासारखं नव्हतं.

साहेबांनी रावज्याला पुढं बोलावलं. "हे कुणी केलं?"

रावज्यानं सरांकडं बघितलं. सर घामानं थबथबले होते. मोठ्यांची चूक होती, आणि विचारणारा समोर होता.

"माझ्यामुळं झालं," रावज्या म्हणाला.

खरं तर या खेपेला ते खरंच होतं.

दाराशी अंजिराबाई मटकन खाली बसली. बाहेर मामा उठून उभा राहिला. कुळथे सर लगेच म्हणाले, बघा, स्वतःच्या तोंडानं कबूल करतोय. साहेबांनी पेन उघडलं. या पोराचा निकाल रद्द करायचा, सगळ्यांचं मिटलं. पेन कागदावर टेकलं. आणि रीत म्हणून त्यांनी विचारलं, "अजून काही सांगायचंय?"

रावज्याच्या मनात एक गोष्ट सलत होती. जसंच्या तसं लिहायचं असं सरांना कबूल केलं होतं, आणि एक ओळ त्यानं लिहिली नव्हती. ती गाळायचीच होती, हे खरं. पण साहेबांना वाटायला नको की पोरगं कामात कुचराई करतं.

"साहेब, मी सगळं नाही लिहिलं. शेवटची ओळ गाळली."

"कुठली ओळ?"

"बापूराव, चार चहा. माझा बिनसाखरेचा. चहाचं लिहायचं नसतं."

तेवढ्यात दार ढकलून बापूराव ट्रे घेऊन आत आले. बत्तीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी कुणालाही न विचारता एक कप उचलून कुळथे सरांसमोर ठेवला.

"सर, तुमचा बिनसाखरेचा."

 साहेबांनी रावज्याच्या निकालावरचं पेन उचललं आणि दुसऱ्या कागदावर टेकवलं. "घ्या सर," ते म्हणाले, "निवतोय."

आदेश तिथंच झाला. साहेबांनी कच्चा मजकूर खरडला आणि आधी आप्पासाहेबांपुढं सरकवला. आप्पासाहेबांनी तो अडखळत शेवटपर्यंत वाचला, हसून मान डोलावली. मग कागद टाईप करायला म्हणून फिरला, पण साहेबांचं अक्षरही कुळथे सरांच्याच मुंगळ्याचं होतं. टाईप करणाऱ्याला लागेना. शेवटी तो रावज्याच्या हातात आला. साहेब म्हणाले, बाळ, एवढं सुवाच्य अक्षरात सूचना फलकावर लिहून टाक. त्यांची गाडी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला फळ्यावर सुविचार नव्हता, कारण चिठोरं द्यायला कुणी नव्हतं. म्हणून पोरांना सूचना फलकासमोर उभं केलं आणि तीनशे जणांनी हात जोडून एका सुरात वाचलं:

'परीक्षेचे पावित्र्य भंग केल्याबद्दल मुख्याध्यापक श्री. कुळथे यांना निलंबित करण्यात येत आहे. शिक्षणक्षेत्रात प्रामाणिकपणास पर्याय नाही. — देवळाणकर. आप्पासाहेब, यात तुमचं नाव घेतलेलं नाही. ठरल्याप्रमाणं केशर आंब्याच्या दोन पेट्या गाडीत ठेवायला सांगा.'

पाचवीतल्या पोरांना आवडलं. त्यांनी दोनदा म्हटलं.

रावज्या दाखला घ्यायला आला होता, आयटीआयच्या अर्जाला जोडायला. चार तारखा खोडलेल्या, पाचवी नवी. वाघचौरे बाई त्याच्या अंगावर धावून आल्या. अरे, हे काय लिहिलंस, शेवटचं कुठं कुणी लिहितं का?

रावज्यानं फलक पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचला.

"पण बाई," तो म्हणाला, "यात चहाचं काहीच नव्हतं."